मन्मथ भाऊजींनी बसवलेले डोळे

मन्मथ भाऊजी कोणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत, खिडकीकडे बघत. घरातली बाई "या, बसा" म्हणत पाण्याचा तांब्या पुढे करत असायची आणि हे उंबऱ्यात उभे राहून, मान तिरकी करून, उजेड कुठून येतो ते न्याहाळत असायचे. घरात कोणी म्हातारं अंथरुणावर असेल तर मग त्याच्याकडे नजर जाई, पुन्हा खिडकीकडे, पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस संकोची आहे. पुढच्या वेळी त्यामागचं कारण कळलं, आणि तेव्हापासून त्यांच्याबरोबर कोणाच्या समाचाराला जायचं मी सोडून दिलं.

हे माझे धाकटे दीर. आम्ही लिंगायत वाणी, परभणीच्या बाजारात आमचं भुसाराचं दुकान. राज्य निजामाचं. माझे यजमान पहाटे उठून पूजा करून दुकानात जाऊन बसत. भाऊजींना मात्र तागडीत रस नव्हता. मालाच्या निमित्ताने हैद्राबादला गेले ते तिथेच एका फोटोवाल्याकडे राहिले, आणि घरच्यांनी आशा सोडल्यावर एक मोठी लाकडी पेटी, तिची तिपाई आणि काळं फडकं घेऊन परत आले. आमच्या बैठकीच्या खोलीवरची कौलं काढून त्यांनी काच बसवली, शेजारची कोठी अंधारी करून घेतली आणि दारावर पाटी लावली. वर उर्दू, खाली मराठी. त्या दिवसापासून आमच्या घराला औषधाचा आंबूस वास लागला तो गेलाच नाही. त्यांची बोटं त्या औषधाने काळी पडलेली असत, नखं तर जळल्यासारखी. त्याच बोटांनी ते ताटात भाकरी कुस्करत. मी वाढून झालं की मान फिरवून चुलीकडे बघत बसे.

पाटी लागली, पण गिऱ्हाईक काही फिरकेना. तसबीर काढली की आयुष्य घटतं अशी सगळ्यांची समजूत; माझ्या सासूबाई तर त्या पेटीसमोरून जातानासुद्धा पदर तोंडावर घेत. सरकारी अंमलदारांना हौस होती, पण ते हैद्राबादला जाऊन काढून घेत. कोणी चुकूनमाकून आलंच तर वेगळीच पंचाईत. ती पेटी जुनी, तिच्यातल्या काचेवर आधी तसबीर उमटायची, मग कागदावर; त्यात खोलीत उजेड बेताचा, त्यामुळे समोरच्याला श्वास रोखून बराच वेळ पुतळ्यासारखं बसावं लागे. आमच्या लोकांना ते कसं जमणार? जिंतूरकडचा एक कापसाचा शेतकरी मोठ्या तोऱ्यात फेटा बांधून बसला आणि ऐन वेळी त्याला माशी चावली. काचेवर फेटा स्वच्छ उमटला, खाली तोंडाच्या जागी नुसता धूर. तो माणूस तसबीर बघून इतका घाबरला की बाहेर पडून थेट मारुतीच्या देवळात गेला आणि बाजारभर सांगत सुटला.

"जित्या माणसाचं लय अवघड हाय, वैनी," भाऊजी मला म्हणाले. "हालायलेत, खोकायलेत, पापण्या मारायलेत. माणूस हालला की काच गेली."

पहिलं खरं गिऱ्हाईक त्यांना मिळालं ते पिंगळीला, आणि ते मेलेलं होतं. नात्यातले एक आप्पा वारले म्हणून घरचे सगळे गेलो होतो. आमच्यात मेलेल्याला निजवत नाहीत. स्नान घालून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात. मान पडू नये म्हणून मागून कापडाची पट्टी खुंटीला बांधतात. समोर भजन चालतं, आणि मग विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या डोलीत, बसवूनच नेऊन बसल्या बैठकीत समाधी देतात. मी हे लहानपणापासून पाहत आले होते आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. भाऊजींनी मात्र त्या दिवशी आप्पांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, मी समोरच होते. ताठ बसलेला, नटवलेला, फुलांचे हार घातलेला आणि अजिबात न हलणारा माणूस! त्यांनी घरच्यांची समजूत घातली आणि परभणीहून पेटी मागवली. आप्पांच्या आयुष्यातून आता काही घटायचं राहिलं नव्हतं, त्यामुळे कोणी अडवलंही नाही.

तसबीर अशी आली की विभूतीचे पट्टे मोजून घ्यावेत. पण आप्पांचा थोरला मुलगा ती बघून हिरमुसला. डोळे मिटलेले, आप्पा पेंगल्यासारखे दिसायलेत म्हणाला. भाऊजी ती कागदावरची तसबीर परत घेऊन आले, दार लावून बसले आणि पुढच्या बाजाराला घेऊन गेले तेव्हा आप्पांनी डोळे उघडलेले होते. बारीक कुंचल्याने पापण्यांवर शाईचे डोळे काढले होते. आता गंमत अशी की हे आप्पा मोतीबिंदूने कित्येक वर्षं ठार आंधळे होते. त्यांना भाताचा घास हातात द्यावा लागे. मला वाटलं, आता हा मुलगा भाऊजींना जोड्याने मारील. तर त्याने तसबीर कपाळाला लावली आणि घरातल्या बायका आनंदाने रडू लागल्या. मन्मथअप्पाने आमच्या आप्पाला दृष्टी दिली म्हणाल्या. ही वार्ता पंचक्रोशीत पसरली, आणि माझ्या दिराचा धंदा सुरू झाला.

त्यांनी तो कसा वाढवला ते सांगताना मला आजही शिसारी येते. ते सकाळी हकीमसाहेबांच्या ओट्यावर जाऊन बसत आणि कोणाचं दुखणं कुठवर आलं ते काढून घेत. मरणाच्या घरून पहिलं बोलावणं ज्यांना जाई त्या मठातल्या जंगमस्वामींना विड्याची पानं नेऊन देत. आजाऱ्याच्या घरी जाताना मोसंबी नेत, उशाशी बसत, हात हातात घेत, आणि हळूच घरच्यांना म्हणत, "खाट जरा खिडकीकडं घ्या. हवा लागंल." ती हवा कसली आणि कोणाला, हे आमच्या लोकांना पुढे पुढे कळू लागलं होतं, तरी कोणी बोलत नसे. माणूस गेला की घरच्यांच्या आधी हे हजर. गालांवर चमक यावी म्हणून तेलाचं बोट फिरवत. पंच्याने माशा हाकलत. उन्हं अंगणात येईपर्यंत विमान उचलू देत नसत. विमान धरायला आलेली माणसं उपाशीपोटी ताटकळत, कोणी कुरकुर केली तर शांतपणे म्हणत, "घाई न्हाई. बसलेत ना ते." एकदा तर एका घरी, प्राण नुकताच गेलेला असताना, डोळे झाकायला पुढे झालेल्या सुनेला त्यांनी थांबवलं, उघडेच राहू द्या, माझं काम वाचेल म्हणाले. तिने ऐकलं नाही. ती बाई मला पुढे बाजारात भेटली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरून तोंड लपवून आत गेले.

आणि हाच माणूस माझ्याशी कधी वावगं वागला नाही, हेही सांगायला हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं स्वयंपाकघर म्हणजे भुयार होतं. धुराने डोळे चुरचुरत, तव्यावरची भाकरी करपली की नाही ते वासावरून ओळखावं लागे. सासूबाई भिंतीला हात लावू देत नव्हत्या. भाऊजींनी एक दिवस त्या देवळात गेलेल्या पाहून पहार घेतली आणि स्वतः भिंत फोडून मला खिडकी करून दिली. मग सासूबाईंच्या शिव्या मुकाट ऐकून घेतल्या. त्या खिडकीतून पहिल्यांदा ऊन आलं आणि मला माझ्या परातीतलं पीठ दिसलं. ती खिडकी अजून आहे, मी अजून तिच्याच उजेडात स्वयंपाक करते. त्यांची किळस करताना मला हे आठवतं, आणि मग माझा मलाच राग येतो.

मला एकच हवं होतं. घरात तसबिरीचं दुकान आहे तर माझ्या यजमानांची, यांची, एक तसबीर असावी. जिवंतपणी, हसताना. यांचे डोळे मोठे, जरा बाहेर आलेले, आणि बोलताना सारखे मिचकायचे. आधी डोळे हसत, मग ओठ. मी सासूबाईंच्या चोरून भाऊजींना दोनचारदा म्हणाले. ते प्रत्येक वेळी म्हणायचे की दादाच्या पापण्या एका जागी राहात नाहीत, काच फुकट जाईल. जर्मनीच्या पहिल्या लढाईमुळे काचा मिळेनाशा झाल्या होत्या, हैद्राबादहून मिनतवारीने येत. "घरच्या माणसाची काय घाई हाय, वैनी? दादा कुठं पळून जायलाय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि यजमान हसून म्हणत, असू दे ग, माझं तोंड रोज बघतेसच की.

आमची लेक गिरिजा नुकती पावलं टाकायला लागली होती तेव्हा यांना ताप आला. उतरेना. हकीमसाहेब झाले, नांदेडचे डॉक्टर झाले. मी पायथ्याशी बसून असे. एका दुपारी भाऊजी आले, दारात उभे राहिले. मी मान वर करून पाहिलं तर ते खिडकीकडे बघत होते. त्यांचीही नजर माझ्याकडे वळली आणि ते क्षणभर घुटमळले. मग पुढे येऊन, खाली बघत, म्हणाले, "वैनी, खाट जरा इकडं घेऊ. हवा लागंल."

मी खाटेचा खूर दोन्ही हातांनी धरून ठेवला. खाट हलू दिली नाही. पण माणूस काही खाट धरून थांबत नाही.

यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, त्या छपरातल्या काचेखाली. तो उजेड इतका छान पडला होता की मला त्या उजेडाची किळस आली. भाऊजी रडत होते. ते खोटं नव्हतं. रडत रडत त्यांनी भावाच्या गालावर तेलाचं बोट फिरवलं, फेटा सारखा केला, काळ्या फडक्यात डोकं घातलं. दादाच्या जिवंत चेहऱ्यासाठी त्यांच्याकडे काच नव्हती, आणि त्या दिवशी मात्र होती. एवढं माझ्या लक्षात आलं, आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी ते मनातून निघालं नाही.

मी सुतकात आत होते, त्यामुळे पुढचं मला उशिरा कळलं. भाऊजींनी ती तसबीर मोठी करवून, डोळे बसवून, दारातल्या काचेच्या कपाटात ठेवली होती. यांना सारा बाजार ओळखत होता. जिंतूरहून ज्वारी घेऊन येणारा एक जुना माणूस, त्याला बातमी नव्हती, तो कपाटासमोर थांबून "राम राम शेटजी" म्हणाला, थोडा वेळ उभा राहिला आणि मग दुकानात येऊन, यांच्यामागे दुकान सांभाळणाऱ्या माझ्या चुलत सासऱ्यांना विचारू लागला, शेटजी तिकडं नुसतेच बघत बसलेत, रुसलेत का काय? हे मी दाराआडून ऐकलं. मी त्याच संध्याकाळी भाऊजींना निरोप पाठवून आत बोलावलं आणि ते कपाट रिकामं करा म्हणून सांगितलं.

भाऊजींनी बोटं धोतराला पुसली. मग म्हणाले, "वैनी, दादा असता तर न्हाई म्हणला नसता. त्याच्याकडं बघून लोकं यायलेत. जिती लोकं."

हे मात्र खरं होतं. पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेऊन आलेली जोडपी, जानवं झालेली पोरं, मारवाड्यांचे जावई, सगळे येऊ लागले होते. मन्मथअप्पाच्या हातून शेटजी मेल्यावरही जिवंत राहिले, तर आपलं आयुष्य कुठून घटणार, असा काहीतरी हिशोब लोकांनी मांडला असावा. त्यातही भाऊजींची सवय गेली नाही. जिवंत माणसालाही ते मांडी घालून भिंतीला टेकवत, मागून पट्टीने खुंटीला बांधत, गालावर तेल लावत आणि श्वास घेऊ नका म्हणत. नवी नवरी भेदरून अशी बसे की तिच्या आईने गळा काढावा. त्या काळातल्या परभणीच्या तसबिरी कोणाकडे असतील तर काढून बघा. जिवंत माणसं मेल्यासारखी दिसतात आणि मेलेली टक लावून बघतात.

वर्षश्राद्ध झाल्यावर ती तसबीर त्यांनी आपणहून मला आणून दिली. मी ती मांडीवर घेतली. कपाळ यांचं, नाक यांचं, कानाची पाळीसुद्धा यांची. डोळे परक्याचे. लहान, खोल, एक पापणी जरा खाली आलेली. या नजरेची मला ओळख होती, पण कुठली ते आठवेना. रात्रंदिवस तोच एक भुंगा डोक्यात फिरत होता.

एका सकाळी मी चहा घेऊन बैठकीत गेले. भाऊजी पाठमोरे बसून कोणाच्या तरी तसबिरीत डोळे बसवत होते. उजव्या हातात कुंचला, डाव्या हातात दाढीचा आरसा. थोडं आरशात बघत, थोडं कागदावर टेकवत. मी मागून वाकले आणि आरशातला त्यांचा चेहरा मला दिसला. भाऊजींची डावी पापणी लहानपणच्या देवीपासून जरा पडलेली होती. आरशात ती दुसऱ्या बाजूला दिसत होती, यांच्या तसबिरीत होती तशीच. म्हणून इतके दिवस मला ओळख पटली नव्हती.

"हे तुमचे डोळे आहेत," मी म्हणाले.

ते दचकले नाहीत. "दुसऱ्या कुणाचे आणू, वैनी? मेलेल्याचे मिटलेले असतेत. जिता कुणी इतका वेळ समोर बसत न्हाई. मी एकटाच बसतो."

पिंगळीच्या आप्पांपासून सगळ्यांना तेच डोळे. गावोगावच्या भिंतींवरून, हार घातलेल्या चौकटींमधून, माझा दीर त्या त्या घरच्या सुनानातवंडांकडे बघत होता, आणि ती माणसं रोज त्याला उदबत्ती ओवाळत होती. मी म्हणाले, मला हे डोळे नकोत. यांचे मिटलेले असतील तर मिटलेले द्या. त्या काचेवरून दुसरी तसबीर काढा, तिच्यात कुंचला घालू नका.

आता मात्र त्यांनी मान खाली घातली. काच राहिली नव्हती. काचांची टंचाई होती ना. त्यांनी ती सोड्याने धुऊन, घासून, दारातल्या फुटलेल्या कपाटाला बसवली होती. ज्या काचेवर यांचा खरा चेहरा होता तिच्यातून आता रस्त्यावरचे लोक दुसऱ्यांच्या तसबिरी बघत होते. मी चहा तिथेच ठेवून आत आले. त्यानंतर मी त्यांना वाढत होते, पण बोलले नाही.

तसबीर टाकून देता येत नव्हती. गिरिजाला बाप आठवत नव्हता. तिचा बाप म्हणजे ती चौकट. पुढे तिच्या सासरी, तिच्या धाकट्याची एक पापणी जरा जड दिसली तर ती कौतुकाने सांगू लागली की हे माझ्या बाबांवर गेलंय. मी ऐकलं आणि नातवाला मांडीवर घेतलं. काय सांगणार? तिच्याजवळ बापाचं म्हणून तेवढंच होतं.

भाऊजी गेले ते निजामाचं राज्य जायच्या आधीच्या उन्हाळ्यात. दुखणं थोडक्यात आटोपलं. त्यांना बैठकीत बसवलं, त्याच खुंटीला पट्टी बांधली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आयुष्यभर तसबिरी काढणाऱ्या या माणसाची स्वतःची एकही तसबीर घरात नाही. भाऊजींनी पुढे लग्न केलं होतं, त्यांच्या मुलाने नांदेडहून फोटोवाला आणला. तो तरुण माणूस चांगला होता, कोणाच्या गालाला तेल लावलं नाही, विमानही अडवलं नाही. दिवस व्हायच्या आत तो तसबीर घेऊन आला आणि म्हणाला, यात डोळे उघडे करून देता येतील, परभणीकडे तशी रीत आहे असं ऐकलंय. मन्मथअप्पांचे डोळे कसे होते, तेवढं कोणी सांगा.

मुलगा माझ्याकडे बघू लागला. माझ्या पाठीमागच्या भिंतीवरच यांची तसबीर होती. ती काढून त्याच्यापुढे ठेवली असती तर काम झालं असतं. त्यात हवे ते डोळे होते, नेमके.

"मिटलेलेच राहू द्या," मी म्हणाले.

तशीच ती लागली. त्या साऱ्या पंचक्रोशीत भाऊजींच्या वेळच्या मेलेल्या माणसांत एकटे तेच डोळे मिटून बसले आहेत. बाकी सगळीकडून बघताहेत.

यांची तसबीर माझ्या खोलीत आहे. सकाळी पूजा झाली की मी ती स्वयंपाकघरात नेऊन ओल्या फडक्याने पुसते, नवा हार घालते, मग दोन बोटं तिच्या डोळ्यांवर आडवी ठेवते आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीचा उजेड तिच्यावर पडेल अशी उभी राहते. तेवढा वेळ हे मला दिसतात.